साध्या माणसांची कादंबरी

वसईजवळच्या पापडीच्या बाजारात सकाळी एक आजी पालेभाजीच्या जुड्या लावतात. प्रत्येक जुडी झटकतात, पिवळं पान खुडतात, वर पाण्याचा हबका मारतात. त्यांना पाहिलं की मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आठवते.

ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. पोरं जमवून शाळा भरवतो, कुणाची चोळी शिवून आणतो, गावाला हाताशी धरून तालीम बांधतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढरांमागे वाडी रिकामी होते. बस्स, एवढंच. पण त्यातला कारभारी, आयबू, आनंदा रामोशी मला घरच्या माणसांसारखे वाटतात.

माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी अनेक वर्षं काम केलं. साध्या माणसाचं बोलणं त्यांनी मन लावून ऐकलं होतं.

कुठे कोरडा माणदेश, कुठे आमची केळी-पानवेलींची हिरवी वसई! तरी ही कादंबरी वाचल्यापासून मी त्या आजींकडे नुसती भाजी घेत नाही. दोन मिनिटं थांबून विचारपूसही करते. तुम्हीही ‘बनगरवाडी’ जरूर वाचा.