बर्फावरची सही



हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवं मैदान येतं, ध्यानचंद येतात, आणि आपण पुण्याकडचे असू तर खडकीच्या गल्लीतून निघालेला धनराज पिल्ले येतो. आज ज्या हॉकीबद्दल बोलणार आहे ती निराळी. ती बर्फावर खेळतात, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात, आणि कॅनडात तिला कुणी आइस हॉकी म्हणत नाही. तिथे हॉकी म्हणजे तीच. आपली ती ‘मैदानी हॉकी’. प्रत्येक जण आपल्या अंगणातल्या खेळाला विशेषण लावत नाही, दुसऱ्याच्या खेळाला लावतो!

पण मला खेळाच्या नियमांबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते एका सहीबद्दल. कॉलेजात शिकणारा विशीतला मुलगा व्यावसायिक संघाच्या करारावर सही करतो, त्या सहीबद्दल.

२०१९ सालच्या एप्रिल महिन्यातले चार दिवस पाहा. केल मकार नावाचा वीस वर्षांचा मुलगा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळत होता. बचावपटू. १२ एप्रिलला, शुक्रवारी, बफेलो शहरात त्याला होबी बेकर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हा मान देतात. दुसऱ्या दिवशी, त्याच शहरात, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याचं विद्यापीठ मिनेसोटा-डुलुथकडून ३-० असं हरलं. रविवारी, १४ तारखेला, त्यानं कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या व्यावसायिक संघाबरोबर तीन वर्षांचा करार केला. आणि सोमवारी रात्री तो डेन्व्हरमध्ये, एनएचएलच्या बाद फेरीच्या सामन्यात बर्फावर उतरला. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, या खेळातली जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. समोर संघ कुठला, तर कॅल्गरी. मकारचं जन्मगाव कॅल्गरी! ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला त्याच गावाच्या संघाविरुद्ध त्यानं पहिल्याच सामन्यात, पहिल्याच सत्रात गोल केला. कोलोरॅडोनं तो सामना ६-२ असा जिंकला आणि पुढे ती मालिकाही ४-१ अशी खिशात घातली.

शनिवारी विद्यार्थी, सोमवारी पगारी व्यावसायिक. आपल्याकडे साधी बँकेतली नोकरी लागली तरी रुजू व्हायला पंधरा दिवस देतात.

ही गोष्ट परीकथेसारखी सांगितली जाते, आणि ती ऐकायला मलाही आवडते. पण सहीच्या मागे एक हिशेब असतो, तो समजून घेतल्याशिवाय तिचं मोल कळत नाही.

एनएचएलमध्ये अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांचं दर वर्षी वाटप होतं. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मुलानं संघ निवडायचा नाही, संघानं मुलगा निवडायचा. आदल्या वर्षी जो संघ तळाला असेल त्याला आधी निवडण्याची संधी मिळावी, म्हणजे दुबळे संघ सावरतील, हा त्यामागचा विचार. मात्र कुणी मुद्दाम हरू नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी चिठ्ठ्या टाकतात. २०१७ साली कोलोरॅडोची अवस्था फार वाईट होती. अख्ख्या मोसमात ४८ गुण, सगळ्यांत तळाला. तरी नशीब असं, की सोडतीत घसरून त्यांच्या वाट्याला चौथा क्रमांक आला. तिथे त्यांनी मकारला घेतलं. आज कोलोरॅडोतला कुणीही त्या सोडतीबद्दल कुरकुर करणार नाही.

निवड झाली म्हणजे मुलगा लगेच नोकरीला लागला असं मात्र नाही. संघाला फक्त हक्क मिळतो, की हा मुलगा एनएचएलमध्ये करार करील तर आमच्याशीच. आणि मुलगा कॉलेजात गेला, तर तो शिकत असेपर्यंत हा हक्क टिकतो. दरम्यान मुलगा कॉलेजसाठी खेळतो, व्याख्यानांना बसतो, परीक्षा देतो. संघाची माणसं गॅलरीत बसून त्याच्याकडे पाहत राहतात. लग्न ठरलंय पण मुहूर्त निघालेला नाही, तशातला प्रकार.

मकार ज्या विद्यापीठात गेला त्याचा हॉकी संघ त्याच्या आदल्या मोसमात अवघे पाच सामने जिंकला होता. दोन वर्षांत तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. पहिल्या वर्षानंतरच मकार व्यावसायिक होऊ शकला असता, पण तो आणखी एक वर्ष कॉलेजात राहिला. मला या एका वर्षाचं फार कौतुक वाटतं. कारण थांबण्यात धोका असतो. बर्फावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगानं माणसं एकमेकांवर आदळतात, गुडघा एकदा गेला की मग चौथा क्रमांक काय आणि चाळिसावा काय. आणि त्या काळी नवख्या खेळाडूचा मूळ पगार वर्षाला जास्तीत जास्त सव्वानऊ लाख डॉलर असा बांधलेला होता. विशीतल्या मुलाला ही रक्कम नाकारायला सांगून पाहा.

आता सहीची तारीख एप्रिलचीच का? मोसम जवळजवळ संपलेला, उरलेल्या थोड्या सामन्यांसाठी करार कशाला? इथे गंमत आहे. त्या वयाच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचाच असतो. एप्रिलमध्ये सही केली की संपत आलेला मोसम पहिलं वर्ष म्हणून धरला जातो. म्हणजे मुलाचं एक वर्ष चटकन वजा होतं आणि मोठ्या पगाराची बोलणी एक वर्ष अलीकडे येतात. मकारच्या बाबतीत तसंच झालं. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यानं सहा वर्षांचा, एकूण ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. त्याआधी, २०२० मध्ये, तो सर्वोत्तम नवोदित ठरला होता. २०२२ मध्ये कोलोरॅडोनं स्टॅन्ली चषक जिंकला तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. संघानं घाई केली म्हणून त्यांचं एक वर्ष गेलं, असं कागदावर दिसतं. पण त्या सोमवारी तो त्यांना हवा होता. संघालाही निकड असते, हे मुलाकडच्या मंडळींनी ओळखायचं.

‘मुलाकडची मंडळी’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. कॉलेजचा खेळाडू हा हौशी खेळाडू, म्हणून त्यानं एजंट नेमायचा नाही असा जुना दंडक. मग एजंटाचं काम कोण करणार? तर ‘कौटुंबिक सल्लागार’! माणूस तोच, सही झाली की त्याच दिवशी त्याचा एजंट होतो. नियम पाळण्याची ही तऱ्हा आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

सगळेच मकारसारखे सही करत नाहीत. हार्वर्डचा जिमी व्हेसी घ्या. २०१२ साली नॅशव्हिलच्या संघानं त्याला तिसऱ्या फेरीत, ६६व्या क्रमांकावर निवडलं. तीन वर्षं कॉलेज झाल्यावर संघानं त्याला बोलावलं, त्यानं चौथं वर्ष पुरं करायचं ठरवलं. संघ म्हणाला, ठीक आहे, थांबतो. २०१६ मध्ये होबी बेकर पुरस्कार त्याला मिळाला. पण त्या वसंतात त्यानं नॅशव्हिलला कळवलं, की मी तुमच्याशी करार करणार नाही. नियम असा होता, की चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडलेल्या खेळाडूशी १५ ऑगस्टपर्यंत करार झाला नाही, तर संघाचा हक्क संपतो आणि मुलगा मोकळा होतो. नॅशव्हिलनं हात पोळण्याआधी जूनमध्ये त्याचे हक्क बफेलोला देऊन टाकले, बदल्यात तिसऱ्या फेरीची एक निवड घेतली. बफेलोनं मनधरणी केली. व्हेसी १५ ऑगस्टपर्यंत स्वस्थ बसला, आणि १९ ऑगस्टला त्यानं न्यूयॉर्क रेंजर्सशी सही केली.

त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. कृतघ्न म्हणाले. नॅशव्हिलची तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. चार वर्षं वाट पाहिली, त्याच्यासाठी जागा राखली, आणि शेवटी हाती धुपाटणं. पण दुसऱ्या बाजूनंही विचार करा. एकोणिसाव्या वर्षी कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. पदवीपर्यंत थांबणं ही त्याच्या हातातली एकुलती एक मोकळी वाट होती. ती नियमातच होती, त्यानं ती वापरली. माझं मत विचाराल तर मी व्हेसीच्या बाजूचा. अर्थात पुढे दैवानं त्याची थोडी थट्टा केली. २०१९ मध्ये रेंजर्सनं त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं, पुन्हा तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात. संघ कुठला? बफेलो.

आमच्या पिढीच्या घरात खेळाबद्दल एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आधी डिग्री, मग काय ते खेळ.’ त्यात चूक होती असं म्हणवत नाही. आपल्याकडे हॉकीपटूला सही करायला करार नव्हता, नोकरीचा अर्ज होता. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, बँका. धनराज पिल्लेही मुंबईत आधी महिंद्रकडून आणि नंतर एका विमान कंपनीकडून खेळला. खेळ संपला तरी हजेरीपटावर नाव राहील, हा त्यातला दिलासा. त्यामुळे शिक्षण आणि खेळ यांत ओढाताण झालेल्या मुलांच्या गोष्टी मी जरा कान देऊन ऐकतो.

आणि त्यात माझी सर्वांत आवडती गोष्ट केन ड्रायडनची. गोलरक्षक. १९६४ मध्ये बोस्टननं त्याला निवडलं आणि लगेच त्याचे हक्क मॉन्ट्रियलला दिले. तो गेला कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला. १९६७ मध्ये कॉर्नेलला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं, गोलात हाच. १९६९ मध्ये पदवी घेतली. त्या काळी व्यावसायिक हॉकीत कॉलेजचा मुलगा म्हणजे अपवाद, आज एनएचएलमधले सुमारे एक तृतीयांश खेळाडू कॉलेजातून आलेले असतात. ड्रायडननं मॉन्ट्रियलशी सही केली, पण मॅक्गिल विद्यापीठातला कायद्याचा अभ्यास सोडला नाही. १९७१ च्या मोसमाअखेर त्याला मुख्य संघात घेतलं. साखळीतले फक्त सहा सामने खेळलेला हा विद्यार्थी बाद फेरीत गोलात उभा राहिला. पहिल्याच फेरीत गतविजेत्या बोस्टनला, म्हणजे ज्यांनी त्याला निवडून देऊन टाकलं होतं त्यांनाच, सात सामन्यांत घरी पाठवलं. मॉन्ट्रियलनं चषक जिंकला, आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ड्रायडन. नवोदिताचा पुरस्कार त्याला त्याच्या पुढच्या वर्षी मिळाला, कारण नियमानं तो तेव्हाच नवोदित धरला गेला!

१९७३ मध्ये संघ त्याला त्याच्या योग्यतेचा पगार द्यायला तयार होईना. ड्रायडन सरळ घरी गेला. टोरँटोतल्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करत त्यानं अख्खा १९७३-७४ चा मोसम बाहेर काढला. जगातला सर्वोत्तम गोलरक्षक कागदपत्रं चाळत बसला होता. पुढच्या वर्षी संघानं त्याला परत आणलं, आणि त्यानंतर त्यानं आणखी चार चषक जिंकले. १९७९ मध्ये खेळ थांबवला. पुढे लेखक झाला, खासदार झाला, २००४ मध्ये कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात मंत्री झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला. हातात पदवी असलेल्या माणसाला संघमालकापुढे ‘नाही’ म्हणता येतं. ड्रायडनला ते म्हणता आलं.

आता मात्र चित्र पालटतंय. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, छायाचित्रावर जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. कॅनडातल्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकी कॉलेजांचे दरवाजे पूर्वी बंद असत, कारण तिथे खर्चाला मिळणाऱ्या भत्त्यामुळे ती व्यावसायिक ठरत. मकार ब्रूक्ससारख्या लहान गावच्या संघाकडून, खालच्या लीगमध्ये खेळला तो ही वाट मोकळी राहावी म्हणून. ऑगस्ट २०२५ पासून ती बंदीही उठली. त्याच उन्हाळ्यात युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा गॅव्हिन मॅकेना, मोठ्या ज्युनियर लीगमधला गाजलेला खेळाडू, पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला. आधी मुलं पैशासाठी कॉलेज सोडत, आता पैसा कॉलेजातही आहे. मकारनं रविवारी केली तशी सही करायची घाई आता किती मुलांना वाटेल, आणि त्यांचे ‘कौटुंबिक सल्लागार’ त्यांना काय सांगत असतील, हे मी येत्या एप्रिलमध्ये बारकाईनं पाहणार आहे.