व्याधी अनेक, देह एकच



वार्धक्यात व्याधी सहसा एकटी येत नाही. पन्नाशीत रक्तदाब, साठीच्या उंबरठ्यावर मधुमेह, पुढे गुडघ्यांचा संधिवात आणि सत्तरीत मंदावलेले मूत्रपिंड, हा क्रम घरोघरी परिचित आहे. २०११च्या जनगणनेनुसारच देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. प्रश्न मूठभरांचा नाही.

आज प्रत्येक अवयवाला तज्ज्ञ आहे. संपूर्ण माणसाकडे पाहणारा मात्र दुर्मीळ झाला आहे. रक्तदाबासाठी दिलेल्या अम्लोडिपिनमुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती नवा विकार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. मग रात्री वारंवार उठणे, उठताना भोवळ, आणि एखाद्या रात्री न्हाणीघराच्या दाराशी पडून खुब्याचे हाड मोडणे. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचवतात. मूत्रपिंड मंदावले की मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव शरीरात अधिक काळ रेंगाळतो. अशा वेळी एकादशीचा निरंकार उपवास घडला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. चुकते ती बेरीज.

ही जाणीव नवी नाही. चरकसंहितेतील दशविध परीक्षेत रुग्णाचे सात्म्य, आहारशक्ती आणि वय पाहण्यास सांगितले आहे. रोगाआधी रोगी पाहावा, असाच त्याचा आशय. आधुनिक वैद्यकातही अमेरिकी वार्धक्यतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी १९९१मध्ये वृद्धांना शक्यतो न द्यावयाच्या औषधांची यादी मांडली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते.

शासनाने पाऊल उचलले आहे. २०२४च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. रोजच्या गोळ्यांचा भार घरावरच राहतो. जनऔषधी केंद्रे तो काहीसा हलका करतात. पण त्या गोळ्यांची सांगड घालणे कोणत्याही योजनेच्या आवाक्यातले नाही. ते काम कुटुंबाचे आहे.

ते अवघडही नाही. घरातील एका व्यक्तीने सर्व औषधांची एकच यादी ठेवावी. चूर्णे, काढे आणि झोपेची गोळीही तीत असावी. प्रत्येक तज्ज्ञाला ती दाखवावी. सर्व धागे हाती ठेवणारा एक कुटुंबवैद्य असावा. दर सहा महिन्यांनी त्याला विचारावे, 'यातले आता काय थांबवता येईल?' मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. रक्तदाब बसून मोजला जातो, तसा उभे राहिल्यावरही मोजवून घ्यावा.

आणि ज्येष्ठांनाही विचारावे, की त्यांना काय हवे आहे. कुणाला पहाटे देवळापर्यंत चालत जायचे असते, कुणाला स्वतःच्या हाताने स्नान करायचे असते. अनेक व्याधी समूळ बऱ्या होणार नाहीत, हे त्यांना ठाऊक असते. उपचारांचे यश केवळ अहवालातील आकड्यांवर न मोजता, त्या माणसाचा दिवस त्याच्या हाती किती राहिला, यावरही मोजले गेले पाहिजे.