जागल्याचे मोल



इंग्रजीत ज्याला 'व्हिसलब्लोअर' म्हणतात, त्याच्यासाठी मराठीने योजलेला शब्द मोठा अर्थवाही आहे : जागल्या. गावगाड्यात रात्री गस्त घालणारा, चोराची चाहूल लागताच आरोळी ठोकणारा. फरक इतकाच की, गावच्या जागल्याच्या पाठीशी गाव उभे असे; आजचा जागल्या ज्या घराचे मीठ खातो त्याच घरातील चोरीविषयी बोलतो. त्यामुळे आभारांआधी त्याच्या वाट्याला 'घरभेदी' हे विशेषण येते. बिभीषणाने धर्माची बाजू घेतली, प्रभू रामचंद्रांनी त्याला लंकेचे राज्य दिले. तरीही मुलाचे नाव बिभीषण ठेवणारे मराठी घर शोधावेच लागेल.

राज्याचा पैसा बुडविणाऱ्यांची खबर देणाऱ्यास मोबदला द्यावा, हा विचार पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आणि त्याच अध्यायात 'सूचका'चा हिस्सा ठरवून दिला. आरोप सिद्ध झाल्यास सूचकाला सहावा हिस्सा. तो नोकर असेल तर बारावा. आरोप सिद्ध झाला नाही तर शारीरिक वा आर्थिक दंड. आणि आरोपीने फूस लावल्यामुळे सूचकाने माघार घेतली, तर देहान्त! आज हे कठोर वाटेल; पण बक्षिसाबरोबर खोटा आरोप व फितुरी यांचाही विचार त्याने केला होता, हे लक्षात घ्यावे.

करचोरीच्या बाबतीत हा विचार अमेरिकेने सर्वांत दूर नेला. करचोरीची खबर देणाऱ्यास मोबदला देण्याची तरतूद तेथे 1867 सालीच झाली. परंतु तो मोबदला सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. 2006 च्या कायद्याने तो मोठ्या प्रकरणांत हक्क बनला. वादातील कर, दंड व व्याज मिळून रक्कम 20 लाख डॉलरहून अधिक असेल आणि खबरीमुळे वसुली झाली, तर वसुलीच्या 15 ते 30 टक्के. कौटिल्याचा सहावा हिस्साही सुमारे साडेसोळा टक्केच होतो, हा योगायोग गमतीचा आहे.

या कायद्याचे फळ आणि काटे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले. त्याचे नाव ब्रॅडली बर्कनफेल्ड. हा अमेरिकन गृहस्थ जिनिव्हात यूबीएस या स्विस बँकेत नोकरीला होता. धनाढ्य अमेरिकनांचा पैसा करखात्याच्या नजरेआड ठेवणे, हे तेथील काम. एका ग्राहकाचे हिरे त्याने टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये लपवून अमेरिकेत नेले होते. 2007 मध्ये तो स्वतःहून अमेरिकी सरकारकडे गेला आणि बँकेचा सारा व्यवहार त्याने उघड केला. परिणाम प्रचंड झाला. फेब्रुवारी 2009 मध्ये यूबीएसने 78 कोटी डॉलर भरले, आणि त्याच वर्षी सुमारे 4,450 खात्यांची माहिती देण्याचे मान्य झाले. अभेद्य मानल्या गेलेल्या स्विस गुप्ततेला पडलेली ही पहिली मोठी भेग.

मात्र एक गोष्ट त्याने लपविली : स्वतःच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाशी असलेला संबंध. तो ग्राहक, कॅलिफोर्नियाचा बांधकाम व्यावसायिक इगोर ओलेनिकॉफ, 5 कोटी 20 लाख डॉलर भरून दोन वर्षांच्या परिवीक्षेवर सुटला. बर्कनफेल्ड मात्र कटाच्या आरोपाखाली दोषी ठरला. त्याच्यावाचून हा घोटाळा उघडकीस आला नसता, असे खुद्द सरकारी वकिलाने न्यायालयात सांगितले आणि 30 महिन्यांची शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी 40 महिने दिली! ऑगस्ट 2012 मध्ये तो तुरुंगाबाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात करखात्याने त्याला 10 कोटी 40 लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. वसूल झालेल्या 40 कोटी डॉलरच्या ते 26 टक्के होते. एका खात्याने तुरुंगात धाडले, दुसऱ्याने तिजोरी उघडली. कायद्याने बक्षीस नाकारायचे असते ते योजना आखून ती सुरू करणाऱ्या गुन्हेगाराला. बर्कनफेल्ड त्यात बसला नाही.

एर्व्हे फाल्चानीच्या नशिबी असे बक्षीस नव्हते. एचएसबीसीच्या जिनिव्हा शाखेतील खात्यांची माहिती त्याने फ्रान्सच्या हाती दिली. त्यातीलच 628 भारतीय नावे फ्रान्सने 2011 मध्ये भारताला दिली आणि काळ्या पैशाची चर्चा घराघरांत पोहोचली. स्वित्झर्लंडने मात्र 2015 मध्ये त्याच्या अनुपस्थितीत त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

भारतात काय स्थिती आहे? 2018 मध्ये आयकर खात्याने बक्षीस योजना नव्याने जाहीर केली. देशातील करचोरीच्या माहितीसाठी 50 लाखांपर्यंत, बेनामी मालमत्तेसाठी एक कोटीपर्यंत आणि परदेशातील दडविलेल्या संपत्तीसाठी पाच कोटींपर्यंत. 2021 पासून संकेतस्थळावरही तक्रार नोंदविण्याची सोय झाली. नाव गुप्त ठेवण्याची हमी आहे. परंतु हे बक्षीस हक्क नव्हे, अनुग्रह आहे. ते मिळाले नाही म्हणून दाद मागता येत नाही. निनावी पत्राला काहीच मिळत नाही, आणि माहिती खोटी निघाली तर उलट फौजदारी कारवाईची टांगती तलवार.

आणि गुप्ततेची हमी? सत्येंद्र दुबे हे नाव विस्मरणात जाऊ नये. महामार्ग प्राधिकरणातील या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह टेबलाटेबलांवरून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे गयेत त्याची हत्या झाली. न्यायालयात ती लुटारूंची करणी ठरली; पण नाव फुटले होते, हे उरतेच. त्यानंतरच्या संतापातून जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला. तो आजवर अमलात आलेला नाही. आणि आला तरी तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. खासगी कारखान्यातील लेखापाल त्याच्या छत्राबाहेरच राहतो. अमेरिकेनेही करविषयक जागल्याला नोकरीतील सूडापासून संरक्षण दिले ते थेट 2019 मध्ये!

खरा प्रश्न या लेखापालाचाच आहे. दोन वह्या त्याला दिसतात, कारण दुसरी वही त्याच्याच अक्षरात असते. बनावट बिलांवर सही त्याचीच असते. घराचे हप्ते, मुलीची फी, मालकाने आजारपणात केलेली मदत, हे सारे त्या सहीमागे उभे असते. त्याने उद्या आयकर खात्याच्या अन्वेषण विभागाचे दार ठोठावायचे ठरविले, तर आधी त्याने एखाद्या जाणत्या वकिलाकडे जावे आणि स्वतःचा सहभाग सर्वप्रथम, सगळाच्या सगळा सांगावा. बर्कनफेल्डला तुरुंगात नेले ते न सांगितलेल्या एका नावाने. कागद आपल्या कामाच्या ओघात हाताशी आलेले असावेत, कुलूप फोडून काढलेले नसावेत. बक्षिसाचा पैसा घरखर्चात धरू नये. अमेरिकेतही सारी अपिले संपेपर्यंत तो हाती येत नाही, त्यात अनेकदा दशक जाते. आणि घरी पत्नीला आधी सांगावे. कारण सोमवारी त्याच टेबलाशी, त्याच मालकासमोर जाऊन बसायचे आहे, आणि संध्याकाळी त्याचा चेहरा पहिल्यांदा तिलाच दिसणार आहे.