भरपाई जाळ्याची, जीवदान मुशीला

पुणे जिल्ह्यातल्या लोणी काळभोरजवळून वाहणारी मुळा-मुठा भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. इथल्या ताटातला समुद्राचा मासा मात्र बहुधा घाट चढून कोकणातून येतो. सुरमई-पापलेटच्या पाटीत कधी मुशीही असते. मुंबईकडे ती मुशी, मालवणात मोरी. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ती मुद्दाम खाऊ घालतात. मोरीचे मटण हा तर मालवणी पाहुणचारच. शार्क म्हटले की चित्रपटातला नरभक्षक डोळ्यांपुढे येतो, पण आपल्या किनाऱ्यावर खाल्ली जाणारी ही मुशी म्हणजे शार्कच.

जगातल्या शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. मुख्य कारण अतिरेकी मासेमारी. बांगडा हजारो अंडी घालतो आणि घट भरून काढतो. हातोड्यासारख्या डोक्याच्या हॅमरहेड मुशीला वयात यायलाच अनेक वर्षे लागतात. पिल्ले ती जवळपास वर्षभर पोटात वाढवते आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सोडते. छोट्या होड्यांची जाळी नेमकी तिथेच लागतात. ट्रॉलरचा ओरबाडा मोठा आहेच. पण छोट्या जाळ्यात येते ती पुढची पिढी.

छोट्या होडीचा हा मच्छीमार गुन्हेगार नाही. तो जाळे टाकतो सुरमई-बांगड्यासाठी. मुशी त्यात आपसूक अडकते. डिझेल, बर्फ आणि जाळ्याचा खर्च निघायचा असताना हाती आलेला मासा परत सोड, असे त्याला सांगणारा त्याच्या नुकसानीचा विचार करणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

गुजरातने एक उत्तर शोधले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होई. लाकडी होड्यांना चोपडायला तिच्या यकृताचे तेल वापरत. 2001मध्ये ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. पण शिकार थांबली ती 2004पासून लोकांमध्ये सुरू झालेल्या मोहिमेमुळे. रामकथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटले आणि किनाऱ्याने ती ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, आपली मानली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, सुटकेचे फोटो काढायला मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले गेले. आजवर नऊशेहून अधिक व्हेल शार्क तिथे जिवंत सोडल्या गेल्या आहेत.

महाराष्ट्रानेही डिसेंबर 2018मध्ये हीच वाट धरली. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे संरक्षित प्राणी जाळे कापून सोडले आणि त्याचा पुरावा दिला, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

योजना चांगली आहे, पण अपुरी. व्हेल शार्क जाळे फाडते, म्हणून नुकसान दिसते. हातभर लांबीचे हॅमरहेडचे पिल्लू जाळे फाडत नाही. ते सोडले तर बुडते ती त्या दिवसाची विक्री. मग सोडलेल्या प्रत्येक माशाचे पैसे द्यावेत का? इंडोनेशियात हा प्रयोग झाला. बरेच मासे सुटले, पण काही होड्यांनी मोबदल्यासाठी तेच मासे जास्त पकडले. त्यामुळे पैसा जाळ्यासाठी आणि पद्धत बदलण्यासाठी द्यावा. माशाच्या नगावर देऊ नये.

पद्धत बदलता येते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात जाळ्यांना हिरवे दिवे लावून पाहिले. शार्क-पाकटांचे अडकणे 95 टक्क्यांनी घटले आणि विकाऊ मासळी मात्र कमी झाली नाही. आपल्या गढूळ पाण्यात हे कितपत चालेल, ते मालवण-रत्नागिरीच्या मच्छीमारांना सोबत घेऊन तपासायला हवे. जाळी लवकर उचलणे, जिवंत पिल्लू तत्काळ पाण्यात सोडणे, पिल्लांच्या हंगामात उथळ खाड्यांची तोंडे मोकळी ठेवणे, यासाठी तर परदेशी तंत्रही लागत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987मध्ये जाहीर झाले, तेव्हापासून स्थानिकांचा त्याला विरोध राहिला. मच्छीमारांना बाहेर ठेवून आखलेले संरक्षण कागदावरच राहते, हा त्याचा धडा आहे.

पुणे जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकालाही यात काम आहे. पाटीत हातभर लांबीची, हातोड्याच्या डोक्याची मुशी दिसली तर ती घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला सांगावे. मागणी घटली की ते पिल्लू समुद्रात परत सोडणे मच्छीमाराला सोपे जाईल. त्याच्या जाळ्याची भरपाई वेळेवर पोहोचावी, हा आग्रह आपण सरकारकडे धरावा.