काल काय जेवलात?

आज मी आपणांशी एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. काल काय जेवलात? आईने लेकराला, पाहुण्याने पाहुण्याला विचारावा असा हा प्रश्न. पण डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो नीट विचारता येणे किती अगत्याचे आहे, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्याने नुकतेच पाहिले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचेही होते. पुढे दोन-तीन महिन्यांतच, म्हणजे डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत एक विचित्र दुखणे आले. डोक्याला खाज सुटे आणि तीन-चार दिवसांत केस मुठीने हाती येत. दोनशेहून अधिक माणसांना हा त्रास झाला. कित्येकांनी मग डोकेच भादरून घेतले. ज्या घरात लग्नाची मुलगी, त्या घरावर काय ओढवले असेल, ते आपणांस सांगायला नको.

हा भाग खारपाणपट्ट्यातला. पाणी तपासले तेव्हा त्यात क्षार आणि नायट्रेट फार आढळले. साहजिकच पहिला संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही आले. त्यांनी लोकांच्या रक्ताबरोबर घरातला गहूही तपासून घेतला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढले आहे, जस्त कमी पडले आहे, आणि हे सेलेनियम स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हातले आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पंजाबात होशियारपूर, नवांशहर या बाजूच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच अधिक आहे, हे पूर्वीपासून ठाऊक आहे. रेशनचा सगळाच गहू वाईट, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

आता हे सेलेनियम म्हणजे विषच का? तसे नाही. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले ४०-५० भाग आपल्या शरीराला रोज लागतात. त्याच्या कितीतरी पट पोटात जात राहिले, तर केस आणि नखे जातात. वैद्यकाच्या पुस्तकात हे लिहिलेले आहे. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत उतरवतो. पण पुस्तकातली ती ओळ आणि कालवडच्या चुलीवरची पोळी यांची गाठ त्याला कोण घालून देणार?

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ पासून एक वाट दाखवली आहे. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात शिबिराला राहतात, घरे वाटून घेतात. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असे ठरवले आहे. तेव्हा उद्या अशी पोरे आपल्या दारी येतील. त्यांतला एखादा विचारील, "मावशी, जेवण बरोबर होतं ना?" मावशी म्हणेल, "हो ना बाप्पा, दोन टाइम जेवतो." झाले! दोघेही समाधानी, आणि कळले काहीच नाही.

त्याऐवजी त्याने असे विचारावे : काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय खाल्लं? भाकर ज्वारीची की पोळी गव्हाची? वरण किती वाट्या, आणि घट्ट की पातळ? महिन्याला तेल किती लागतं, खाणारी तोंडं किती? दाणा घरचा की दुकानचा? आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, तेव्हा भांड्यात काय उरतं? या शेवटच्या प्रश्नात पुष्कळ काही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट कुणी आपण होऊन सांगत नाही.

मी स्वतः डॉक्टर नव्हे, मास्तर आहे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. आठवड्यातून एकदा मुलांना वहीत कालचे जेवण लिहायला सांगा. खरे तेच लिहा, भाजी नव्हती तर नव्हती असे लिहा, म्हणून बजावा. आणि त्यावरून कुणाला हसू देऊ नका. वर्षभरात गावाच्या ताटाची नोंद तयार होईल. ती येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्या.

आणि श्रोतेहो, आपणही लाजू नका. नवे धान्य घरात आले की ते कुठून, कधी आणले हे ध्यानात ठेवा. घरात दोघा-तिघांना एकाच वेळी काही विचित्र त्रास झाला, तर त्यातले पसाभर धान्य पुरचुंडीत बांधून दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी जेवणाचे विचारले नाही, तर आपणच सांगा. त्या नव्या पोरांना पुस्तक शिकवायला प्राध्यापक आहेत. आपल्या घरचे ताट मात्र आपणच त्यांना दाखवायचे आहे.