या खांबापासून त्या खांबापर्यंत

'पळणं' हा शब्द आपल्या बोलण्यात कुठं कुठं येतो ते आठवून पाहा. चोर पळतो. भाव ऐकून गिऱ्हाईक पळतं. परीक्षा जवळ आली की तोंडचं पाणी पळतं. पण पंचेचाळिशी उलटलेली, अंगानं चांगली भरलेली बाई सकाळी साडेपाचला रस्त्यानं पळते आहे असं सांगितलं, तर ऐकणारा आधी विचारतो, "का? कुत्रं मागं लागलं का?" ती आपल्या मर्जीनं पळत असेल, हे चटकन कुणाच्या मनात येत नाही.

मी अशीच एक बाई आहे. नाशिकला एका विमा कार्यालयात टेबलाशी बसून माझी वीस वर्षं गेली. शाळेत असतानाही कबड्डीच्या संघात मी स्कोअर लिहायला असे. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी माझं वजन ८१ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. तिसऱ्या मजल्यावर पोचले की दार उघडायच्या आधी कठडा धरून दोन मिनिटं उभं राहायचं, ही माझी ठरलेली पद्धत होती. तिचं मला काही वाटेनासं झालं होतं.

माझ्या आईला मधुमेह होता. आधी तिच्या पायाचा एक अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाऊल गेलं. शेवटची चार वर्षं तिनं खिडकीत बसून काढली. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती तपासणी माझी ६.२ आली, तेव्हा डॉक्टरांना फार समजावून सांगावं लागलं नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण दाराशी चपला काढतो आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा धोका जरा लवकर येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापलं होतं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ माणूसही आतून असा असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर इतकी कमी धरलेली आहे. शिवणाची टेप घरोघरी असतेच. आज रात्री बेंबीच्या पातळीवर ती लावून पाहावी. पोट आत न ओढता, बरं का!

आता पळण्याकडं येते. पळणं म्हणजे छाती फुटेस्तोवर धावणं, ही आपली समजूत शाळेच्या क्रीडादिनातून आलेली आहे. शिट्टी वाजली की जीव खाऊन धावायचं, पहिले तीन जिंकतात, बाकीचे 'आपल्याला नाही जमत' असं कायमचं शिकून घरी जातात. सावकाश पळता येतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

हे सावकाश पळणं लोकांपर्यंत कसं पोचलं, त्याची गोष्ट मोठी छान आहे. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे एक प्रशिक्षक होते. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली, पीटर स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि मरे हालबर्गनं ५,००० मीटरमध्ये. पण लिडियार्ड यांचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ऑकलंडमध्ये त्यांनी बैठं काम करणाऱ्या, सुटलेल्या पोटाच्या, हृदयविकारातून उठलेल्याही मंडळींना हळूहळू पळायला लावलं. शर्यत नाही, घड्याळ नाही, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं.

१९६२च्या अखेरीस अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं पाहुणे म्हणून गेले. दुसऱ्यांना पळवण्यात त्यांचा हातखंडा, पण स्वतः पन्नाशी ओलांडलेले आणि सवय मोडलेली. लिडियार्ड यांच्या गटाबरोबर टेकडीवर निघाले आणि थोड्याच वेळात त्यांची दमछाक झाली. त्यांच्या सोबतीला मागं कोण राहिलं, तर हृदयविकाराचे झटके पचवलेले, सत्तरीच्या पुढचे एक आजोबा! बॉवरमन काही आठवडे तिथं राहिले, रोज थोडं थोडं पळत गेले आणि परत गेल्यावर ऑरेगनमधल्या आपल्या गावी त्यांनी सामान्य नागरिकांसाठी असेच वर्ग सुरू केले. १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी 'जॉगिंग' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकाभर गेलं.

पुढे १९९६ मध्ये जॉश क्लार्क या तरुणानं आपल्या पन्नाशीच्या आईसारख्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला. आज जगभर नवशिके तोच वापरतात. त्याचा पहिला आठवडा ऐका. पाच मिनिटं भरभर चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, पुन्हा एक मिनिट पळायचं. असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि मध्ये एकेक दिवस सुट्टी. पळण्याचा वेळ दर आठवड्याला थोडा वाढतो आणि नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास पळतो.

मला त्या नऊ आठवड्यांना बावीस आठवडे लागले. यात कमीपणा काही नाही, त्यामागं शरीराचं साधं गणित आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना आपण क्षणभर हवेत असतो आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. ८१ किलोच्या बाईच्या बाबतीत हा भार १६० ते २४० किलो झाला. सरावानं हृदय आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात. टाचेमागची जाड शीर, गुडघ्याभोवतीचे बंध, नडगीचं हाड यांना मात्र महिने लागतात. म्हणजे दम पुरायला लागतो तेव्हा पाय अजून तयार नसतात. नवशिकी माणसं नेमकी याच टप्प्यावर जोर करतात आणि नडगी धरून घरी बसतात. म्हणून एखादा आठवडा जड गेला की तोच पुन्हा करायचा. ज्यांचं वजन बरंच जास्त आहे, त्यांनी आधी महिना-दोन महिने नुसतं चालावं. अर्धा तास भरभर चालून पाय दुखेनासे झाले, की मग पळण्याचं पहिलं मिनिट.

मी घड्याळ लावलंच नाही. आमच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं आणि नंतर दोन खांब चालायचं. वेग बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? पळताना एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. मी घरच्यांना सांगायच्या कामांची यादी मोठ्यानं म्हणते. 'गॅस लावायचा, इस्त्रीचे कपडे आणायचे, आत्याबाईंना फोन करायचा' हे एका दमात झालं तर वेग ठीक. 'गॅस...' म्हणूनच धाप लागली तर वेग कमी करायचा. चालणाऱ्यानं आपल्याला मागं टाकलं तरी चालेल. मला टाकलेलं आहे.

खरी अडचण पायांची नसते, लोकांची असते. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं, "वहिनी, काही झालंय का? कुणाला बोलावू का?" दोन पोरं हसत गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात गुडघे जातील गं!" त्यांच्या शब्दामागं काळजी होती, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण सुमारे साडेतीन टक्के आढळलं, तर बैठं जीवन जगणाऱ्यांत ते दहा टक्क्यांच्या आसपास होतं. स्पर्धांसाठी पळणाऱ्यांत मात्र ते तेरा टक्क्यांवर गेलेलं दिसलं. म्हणजे अति केलं तर धोका आहेच. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. हसणाऱ्या पोरांचं म्हणाल, तर तिसऱ्या आठवड्यात त्यांना माझा कंटाळा आला.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून इथल्या मैदानांवर पळणाऱ्या मुली दिसल्या तर कुणी वळून पाहत नाही. त्या मुलींच्या आयांनीही त्याच मैदानावर उतरावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता बायकांनी एकमेकींना सांगायच्या दोन-चार गोष्टी. बूट पळण्याचेच घ्यावेत, संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. छातीला नीट आधार देणारी, खेळासाठीची अंतर्वस्त्रं बुटांइतकीच गरजेची आहेत. कपडे कुठले असावेत याला नियम नाही. मी पहिलं वर्ष पंजाबी ड्रेसवर पळले, ओढणी तेवढी घरी ठेवली. मांड्या घासून सोलवटतात, तिथं आधीच व्हॅसलीन लावावं. बाळंतपणानंतर अनेकींना पळताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते आणि त्या लाजेनं व्यायामच सोडतात. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. हे सोसत बसण्याचं दुखणं नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. सुरुवात करण्याआधी तपासणी करून घ्या. अमेरिकेत जिम फिक्स नावाचे लेखक होते. पस्तिशीत वजन शंभर किलोच्या घरात आणि रोज सिगारेटची दोन पाकिटं, तिथून ते पळायला लागले. वजन उतरलं, सिगारेट सुटली, १९७७ मध्ये त्यांचं पळण्यावरचं पुस्तक प्रचंड खपलं. १९८४ मध्ये पळतानाच हृदयविकारानं ते गेले. वय ५२. त्यांच्या वडिलांना त्रेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकारानं नेलं होतं. पळण्यानं मारलं असा याचा अर्थ नाही, कदाचित त्याच पळण्यानं वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त दिली असतील. पण व्यायाम म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. घराण्यात हृदयविकार असेल, रक्तदाब, साखर असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बूट घाला. छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ आली, गरगरलं तर तिथंच थांबा आणि मदत मागा. बायकांमध्ये कधी कधी नुसतीच धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढंच दिसतं. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पळू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी.

वजनाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी खर्च होते. ८० किलोचं माणूस दोन किलोमीटर पळलं तर १६०. एका वडापावात अडीचशे ते तीनशे असतात. त्यामुळे 'आज पळले ना' म्हणून वडापाव खाल्ला, की हिशेब उलटा होतो. वर्षभरात माझं वजन ८१ वरून साडेत्र्याहत्तरवर आलं. जुने ब्लाउज आत घ्यावे लागले, पण मी काही बारीक झालेले नाही. साखरेचा आकडा मात्र ६.२ वरून ५.६ झाला. त्यात रात्रीचं जेवण लवकर आणि कमी करण्याचाही वाटा आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी आजही चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मी थेट कुलपात किल्ली घालते.

थोड्या पळण्यानं काय होणार, असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे ५५ हजार प्रौढांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या. रोज पाच-दहा मिनिटं, तीही संथ पळणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. केवळ पळण्यामुळंच असं झालं, असं एका पाहणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण पाच-दहा मिनिटं फुकट जात नाहीत एवढं नक्की. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये हेच सांगितलं. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम व्हावा हे उत्तम, पण त्याहून कमी असला तरी अजिबात नसण्यापेक्षा बरा.

तेव्हा उद्याच पळायला लागा, असं मी म्हणणार नाही. आधी टेप लावा, रक्त तपासा, डॉक्टरांशी बोला. परवा सकाळी उन्हं यायच्या आत घराबाहेर पडा आणि दहा मिनिटं भरभर चाला. असे काही आठवडे गेले की एखाद्या दिवशी समोरचा खांब दिसेल. तिथपर्यंतच पळा. मग चाला. कुणी विचारलं, 'कुठं निघालात?' तर सांगा, 'कुठं नाही, त्या खांबापर्यंत.'