काळजातल्या झडपा

आपलं काळीज मुठीएवढं, पण मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तिथं हवा घेऊन ते डाव्या बाजूला येतं, आणि डावी बाजू ते अंगभर पाठवते.

विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह तुम्ही पाहिलाय. पाणी वर चढू देतो, मागं पडू देत नाही. काळजात अशा चार झडपा आहेत. छातीला कान लावला की ऐकू येणारी धडधड, ती या झडपा मिटण्याचीच.

या झडपा कधीकधी लहानपणीच बिघडतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. आपण म्हणतो, खेळताना लागलं असेल, आणि तेल चोळतो. सांधे बरे होतात, पण झडप जायबंदी राहू शकते. हा संधिवाताचा ताप.

मुलगी पुढं सासरी जाते. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि अधू झडपेला तो भार पेलत नाही. दम लागतो, रात्री आडवं पडवत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा! अशा वेळी छाती तपासून घ्यायचीच.

घसादुखीवर वेळेत पूर्ण औषध दिलं तर हे टळतं. ताप येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही अनेक वर्षं. पोर हुंदडायला लागली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नका.